कोणाचा म्हणून लिहायचा

दोंडाईचा,
ता. २ डिसेंबर १९५६

ती. यशोदाअक्का यांस,

लोटनचा नमस्कार. मी येथे कापसाच्या जिनात कामाला लागलो आहे. यंदा बोरपाड्याला आषाढानंतर पाऊस आलाच नाही. बाजरी कणसात भरली नाही, म्हणून गावातले बरेच जण बाहेर पडले. मला लिहिता येते म्हणून मुकादमाने गाठींवर आकडे घालायला ठेवले. धूळ फार आहे, पण काम सावलीतले आहे.

पत्राचे कारण वेगळे आहे. आमच्या गावात दिवाळीपासून सरकारची बालवाडी निघाली आहे. धुळ्याहून शिकून आलेल्या मंदाबाई ती चालवतात. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना रोज सकाळी भुकटीचे दूध मिळते. अंगावर पाजणाऱ्या बायांनाही मिळते. आपल्या उखर्डूला मात्र मिळत नाही.

मंदाबाई घरोघर जाऊन मुलांची नावे लिहून घेत होत्या. आमच्या दारी आल्या तेव्हा मी इकडे निघून आलो होतो. उखर्डू ओट्यावर बसलेला. त्यांनी विचारले, हा कोणाचा? सुंदर म्हणाली, "मना नही शे, बाई. उकिरडाना शे." मंदाबाई शहरातल्या. त्यांना वाटले, कोणी टाकलेले मूल असेल. त्यांनी नाव लिहिले नाही.

तो जन्मला तेव्हा आपण ट्रेनिंग कॉलेजात होता, म्हणून सगळे सांगतो. आमची आधीची तीन मुले गेली. त्यामुळे हा झाला त्या दिवशी सुईणीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवले. शेजारच्या पुनाआजीने उचलले आणि सुंदरच्या पदरात मूठभर ज्वारी टाकून म्हणाली, घेतला मी, तू फक्त वाढव. तेव्हापासून त्याला आम्ही दोघे 'माझा' म्हणत नाही. पुनाआजी होती तोवर कोणी विचारले तर तिचे नाव सांगत होतो. ती गेल्या उन्हाळ्यात वारली. आता विचारणाऱ्याला सांगावे असे कोणी राहिले नाही.

आपण थोरली बहीण म्हणून सुंदरला समजावले तर ती कदाचित ऐकेल. पण पत्र तिच्या नावाने घालू नये. ते मंदाबाईच वाचून दाखवतील. मला लिहावे, मी सांगेन.

आपला,
लोटन


पहूर,
ता. ११ डिसेंबर १९५६

रा. लोटनराव यांस,

यशोदाबाईचा आशीर्वाद. तुमचे पत्र पोहोचले. मला राग आला आणि तो पत्रात आल्यास मनावर घेऊ नका.

आमच्या आईनेही माझ्या आधीची दोन गेल्यावर मला धोंडी म्हणायला सुरुवात केली होती. शाळेत घालताना गुरुजींनी यशोदा लिहिले. सुंदरला हे माहीत आहे. ती म्हणेल, धोंडी म्हटले म्हणून अक्का जगली. तिला माझ्याकडून सांगा, की तेव्हा घरी गाय होती म्हणून मी जगले. तुमच्या घरी गाय नाही. आता सरकार दूध देते आहे आणि तुम्ही घरी बसून ते नाकारता आहात.

मी इथे तिसरीला शिकवते. कोणते मूल काय खाऊन आले आहे ते मला दुसऱ्या तासाला कळते. फळ्याकडे बघता बघता मान खाली जाते त्यांची. उखर्डू पुढे शाळेत जाणार आहे ना? त्याची मान आत्ताच धरली पाहिजे.

तुम्ही बाप आहात. सुट्टी काढून जा आणि बाईंना सांगा, हा माझा मुलगा, नाव लिहा. एवढे एक वाक्य बोलायचे आहे. जमत नसेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी एकटी आहे, मला जड नाही. सुंदर पाठवणार नाही हेही मी जाणते.

यशोदा


दोंडाईचा,
ता. २० जानेवारी १९५७

ती. यशोदाअक्का यांस,

संक्रांतीला गावी जाऊन आलो. आपले पत्र सुंदरला वाचून दाखवले. गाईचे वाचले तेव्हा ती जरा हसली. म्हणाली, त्या गाईचे शेण मीच काढत होते, अक्का पाटी घेऊन बसायची.

मग तिने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. तिघांना मी माझे म्हटले, एकही राहिले नाही. याला एकदाही म्हटले नाही, हाच राहिला. आता अक्काच्या पुस्तकात काय आहे ते तिला विचारा. याचे उत्तर आपणास येत असेल तर कळवावे.

सकाळी उखर्डूबरोबर बालवाडीपर्यंत गेलो. दूध उकळायला कौतिक आहे, आपल्याच भाऊबंदातला. मुले वाट्या घेऊन रांगेत बसतात. हा रोज कुंपणापाशी उभा राहतो. हातात वाटी असते. मंदाबाई मनाच्या वाईट नाहीत. काही दिवस त्यांनी याला उरलेले दिले. पण साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, आईने किंवा बापाने येऊन आपले मूल म्हणून सांगितल्याशिवाय द्यायचे नाही. कामाला जाणारी माणसे एकच मूल दोन गावांत लिहून ठेवतात, असे दुसरीकडे झाले आहे. त्यांचेही चुकीचे नाही.

कौतिक मला बघून मोठ्याने म्हणाला, "काय लोटनभाऊ, आते उकिरडाले बी दूध लागस का?" बाया हसल्या. उखर्डूही हसला. त्याला त्यात काही वाईट वाटत नाही. कोणी विचारले कोणाचा रे तू, तर तो स्वतःच सांगतो, उकिरड्याचा.

मी तेथे बोलायला गेलो होतो. मंदाबाई समोर होत्या. मी हवापाण्याचे काही तरी विचारले आणि परत आलो.

त्याचे मनगट माझ्या दोन बोटांत मावते.

लोटन


पहूर,
ता. २८ जानेवारी १९५७

रा. लोटनराव यांस,

सुंदरच्या प्रश्नाला उत्तर माझ्या पुस्तकात नाही. पण तिघे कशाने गेले ते मला माहीत आहे. थोरला हगवणीने गेला. मधली तापाने. धाकटा सुंदरच्या अंगावर दूध नव्हते म्हणून. तिने त्यांना काय म्हटले याचा त्याच्याशी संबंध नाही.

तुमच्या शेवटच्या ओळीनंतर मला दुसरे काही लिहायचे नाही. मनगट दोन बोटांत मावते हे तुम्हाला दिसते आणि तरी तुम्ही हवापाण्याचे बोलून परत येता. शिवरात्रीला पुन्हा जा. सुंदरला विचारू नका. तिला दोष नको, तुम्ही घ्या.

यशोदा


दोंडाईचा,
ता. ३ मार्च १९५७

ती. यशोदाअक्का यांस,

सांगितले.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावर घेऊन गेलो. सुंदर पाणी भरायला गेली होती. मी मंदाबाईंना म्हणालो, हा माझा मुलगा आहे, याचे नाव लिहा. आवाज बहुतेक मोठा झाला असावा, कारण सगळी मुले वळून बघायला लागली. उखर्डूने वरून माझे डोके धरून वाकून पाहिले आणि बाईंना म्हणाला, "नही, बाई. मी उकिरडाना शे." सगळे हसले. मंदाबाईही हसल्या. मला पुन्हा सांगावे लागले. दुसऱ्यांदा सांगणे सोपे गेले.

तो वाटी दोन्ही हातांनी धरून दूध प्याला आणि ओठांवरचे बोटाने पुसून त्याने बोट चाखले. कौतिकने आपणहून वाटी पुन्हा भरली. म्हणाला, मागचे राहिले आहे.

सुंदरला पाणवठ्यावरच कळले. घरी आली, हंडा उतरवला. त्याच्या कपाळावर चुलीतली काजळी लावली. माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी भाकरी वाढताना एवढेच म्हणाली, तुम्ही नाव घेतले. मी निघेपर्यंत दुसरा शब्द नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनेच त्याचे तोंड धुऊन बालवाडीत पाठवले, हेही लिहितो.

लोटन


पहूर,
ता. १२ मार्च १९५७

रा. लोटनराव यांस,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. शेजारच्या सुनंदाबाईंनाही वाचून दाखवले, यात तुमची परवानगी घेतली नाही. 'मी उकिरडाना शे' या जागी आम्ही दोघी पुष्कळ हसलो.

सुंदर बोलत नाही ते मनावर घेऊ नका. तो दोन महिन्यांत जरा भरला, की आपोआप बोलेल. ती लहानपणापासून अशीच आहे. रुसली की भांडी जोरात आपटते. भांडी आपटायला लागली, की समजा राग उतरला.

त्याच्यासाठी सदरा शिवते आहे. निळा आहे, खिसा पुढे. माप अंदाजाने घेतले आहे. सुनंदाबाईंचा धाकटा तुमच्या पत्रांवरून तेवढाच वाटला, त्याच्या अंगाला लावून कापला. थोडा मोठाच ठेवला आहे, वाढते अंग आहे. पार्सल बोरपाड्याच्या पत्त्यावर पाठवते.

यशोदा


बोरपाडे,
ता. ९ एप्रिल १९५७

ती. यशोदाअक्का यांस,

जिन बंद झाले. घरी आलो आहे. सदऱ्याचे पार्सल मिळाले. सदरा त्याला घातला. मोठा झाला नाही, माप बरोबर होते. निळा रंग चांगला दिसला.

सुंदर बरी आहे.

लोटन


पहूर,
ता. १७ एप्रिल १९५७

रा. लोटनराव यांस,

कार्ड मिळाले. माप बरोबर झाले, म्हणजे तो माझ्या अंदाजापेक्षा वाढला म्हणायचा. तुम्ही इतके थोडे लिहिता, की माणसाने बाकीचे आपल्या मनाने भरून घ्यावे. मंदाबाई वजन करत असतील तर पुढच्या पत्रात कळवा.

आखाजीला सुंदरला आणि त्याला घेऊन माहेरपणाला इकडे या. आई गेल्यापासून सुंदर आखाजीला आलेली नाही. माझ्या दारच्या निंबाला झोका बांधते. अक्षय्य तृतीयेपासून शाळेला सुट्टी आहे. उखर्डूला आठ दिवस ठेवून घेईन आणि त्याला धुळाक्षरे काढायला शिकवीन. तो निळा सदरा घालून आणा.

यशोदा


बोरपाडे,
ता. २४ एप्रिल १९५७

ती. यशोदाअक्का यांस,

आम्ही आखाजीला येणार नाही. आपण झोका बांधला असल्यास सोडावा.

उखर्डू गेला. गावात गोवर आला होता. त्याला गुढीपाडव्याआधी ताप चढला, अंगावर पुरळ आले. पुरळ गेले आणि मग जुलाब लागले. साक्रीच्या दवाखान्यात न्यायला धनसिंग पाटलांची गाडी मागितली, त्यांनी दिलीही. बैल जुंपत होतो तेव्हा सुंदरने आतून सांगितले, राहू द्या. त्याच दुपारी टपालवाल्याने आपले पार्सल आणले. घरात दुसरे धड कापड नव्हते. सदरा घालून त्याला नाल्याच्या काठी पुरले. म्हणून माप बरोबर होते असे लिहिले. ते खोटे नव्हते. बाकीचे लिहायला हात धजला नाही. आपण आनंदाने लिहाल हे मला कळायला पाहिजे होते.

मंदाबाई येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, बालवाडीतल्या पुष्कळ मुलांना गोवर झाला. जी दिवाळीपासून दूध पीत होती ती उठली. याच्या अंगात तेवढे नव्हते, आणखी दोन महिने मिळायला हवे होते. आपण म्हणाल तेच त्या म्हणाल्या. सुंदरने ऐकून घेतले. तिच्या हिशेबाने तो चार वर्षे जगला आणि मी नाव घेतल्यावर महिनाभर जगला.

मला दोन्ही खरे वाटते. कोणते अधिक खरे, ते कळत नाही.

लोटन


पहूर,
ता. २९ एप्रिल १९५७

रा. लोटनराव यांस,

पत्र सकाळच्या शाळेत मिळाले. पुढच्या तासाला मी काय शिकवले ते आठवत नाही.

जा आणि सांगा, हे मी तुम्हाला लिहिले. माझी पत्रे तुमच्याजवळ असतील. ती सुंदरला सगळी वाचून दाखवा. म्हणजे तिचा राग तुमच्यावर राहणार नाही, माझ्यावर येईल. मी लांब आहे. तुम्हाला दोघांना एका घरात राहायचे आहे.

झोका सोडला.

यशोदा


बोरपाडे,
ता. ६ मे १९५७

ती. यशोदाअक्का यांस,

आपण सांगितल्याप्रमाणे पत्रे वाचून दाखवली. सुंदर म्हणाली, अक्का शिकलेली आहे, तिने तिच्या जागी बरोबरच सांगितले. मग चूल पेटवायला गेली. भांडी आपटली नाहीत. आपटली असती तर बरे झाले असते.

आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, ते आपणास माहीत आहेच. लहान मुलांच्या नावाने भरत नाहीत. सुंदरने माझ्या वडिलांच्या घागरीशेजारी एक लहान लोटके भरून ठेवले. माझी काकू विचारू लागली, हे कोणाचे? सुंदर म्हणाली, "मना पोऱ्यानं शे."

आता माझा म्हणायला सुंदरला हरकत नव्हती.

लोटन


बोरपाडे,
ता. १४ फेब्रुवारी १९५८

ती. यशोदाअक्का यांस,

मधे बरेच महिने पत्र नाही, क्षमा असावी. लिहिण्यासारखे काही नव्हते. यंदा पाऊस बरा झाला, तरी मी जिनात गेलो नाही, कारण सुंदरला दिवस होते. मी ते आपणास मुद्दाम कळवले नाही. तिची तशी इच्छा होती.

आठ दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली. मुलगी लहानखुरी आहे, रडते चांगली.

अडचण अशी, की सुईणीने मुलीला उकिरड्यावर ठेवले, पण उचलायला कोणी आले नाही. मागच्या खेपेला पुनाआजीने उचलले, ती वारली आणि मागोमाग मुलगाही गेला. तेव्हा गावातल्या बाया घाबरतात. काकूसुद्धा पुढे आली नाही. हिलालची बायको म्हणाली, मला माझी चार आहेत, त्यांना काही झाले तर. थंडी होती. शेवटी सुंदरनेच जाऊन आणली. आता मुलगी कोणाचीच नाही. तिला कोणी घेतलेले नाही आणि सुंदर माझी म्हणत नाही. मी तर तोंडच उघडत नाही.

मंदाबाई दोनदा येऊन गेल्या. पाजणाऱ्या बाईला रोज दूध मिळते, पण मूल कोणाचे ते लिहावे लागते. सुंदर त्यांना म्हणते, माझे मूल नाही, मला कशाला दूध? अंगावर दूध फार थोडे आहे. आधीच्या तिघांतल्या धाकट्याच्या वेळी होते तसे.

मी आपणास काही करा म्हणत नाही. मागे म्हटले, त्याचा आपणास त्रासच झाला. फक्त कळवले.

लोटन


पहूर,
ता. १९ फेब्रुवारी १९५८

रा. लोटनराव यांस,

आमच्या गावचा जीवराम बैल घ्यायला साक्रीच्या बाजाराला येतो आहे. त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक पुडी देते. पुडीत मूठभर ज्वारी आहे. माझ्या हाताची मूठ आहे, मोजली नाही. ती सुंदरच्या पदरात टाका आणि सांगा, मुलगी यशोदाने घेतली. तू फक्त वाढव.

तुम्हाला वाटेल, अक्का आता हे मानायला लागली. मी मानत नाही. मला त्या मुलीच्या पोटात दूध जायला पाहिजे आहे आणि सुंदरला मुलीकडे बघून झोप लागायला पाहिजे आहे. मागच्या वेळी मी फक्त दुधाचाच विचार केला.

मला मूलबाळ नाही. मालक गेले, त्याला आता बारा वर्षे होतील. माझे जे जायचे होते, ते गेलेले आहे. तेव्हा हिलालच्या बायकोला जी भीती आहे ती मला नाही, असे सुंदरला सांगा.

आता दुसरे. मंदाबाई म्हणतील, पालक गावात राहणारा पाहिजे. नियम तसाच असतो. मी चौकशी केली. पूर्व खानदेशातून पश्चिम खानदेशात बदली होत नाही, स्कूल बोर्डे वेगळी आहेत. इथला राजीनामा देऊन तिकडे नवीन अर्ज करावा लागतो आणि नोकरी पहिल्यापासून धरतात. अर्ज लिहून ठेवला आहे. तुमच्या गावात चौथीपर्यंत शाळा आहे आणि मास्तर एकच आहेत, असे तुम्ही पूर्वी लिहिले होते. अर्ज मंजूर होईल की नाही ते माहीत नाही. अर्ज पोस्टात टाकण्याआधी सुंदरने पुडी घेतली की नाही ते मला कळले पाहिजे. तिने नाही म्हटले तर मी तिच्यावर रागावणार नाही, आणि इथेच राहीन.

यशोदा


बोरपाडे,
ता. २ मार्च १९५८

ती. यशोदाअक्का यांस,

जीवरामने पुडी दिली. मी ती सुंदरच्या पदरात टाकली आणि आपण लिहिले ते शब्द सांगितले. तिने एक एक दाणा वेचून पाहिला आणि म्हणाली, पहूरकडची ज्वारी, दाणा टपोरा आहे. पदराला गाठ मारली. मला वाटले, संपले. मी शेताकडे गेलो.

परत आलो तर ती घरात नव्हती. बाळंतपणानंतर ती प्रथमच उंबऱ्याबाहेर पडली होती. मुलगीही नव्हती. मी बालवाडीकडे गेलो आणि कुंपणापाशी, उखर्डू उभा राहायचा तेथे, थांबलो. आत गेलो नाही.

सुंदर मंदाबाईंपुढे उभी होती. म्हणाली, "लिही, बाई. पोर यशोदाबाईनी शे."

मंदाबाईंनी विचारले, यशोदाबाई कोण? सुंदर म्हणाली, मास्तरीणबाई, पहूरच्या. मंदाबाईंनी विचारले, मग तुम्ही कोण?

"मी पाजस."

मंदाबाई म्हणाल्या, पालक गावात लागतो, तुम्हाला नियम माहीत आहे. सुंदर म्हणाली, "ई ऱ्हायनी ती." अर्जाचे मी तिला वाचून दाखवले होते, आपण येता आहात हे तिने धरूनच टाकले.

मंदाबाईंनी मुलीकडे पाहिले, सुंदरकडे पाहिले आणि कौतिकला हाक मारली. कौतिकने या वेळी काही थट्टा केली नाही. त्याने वाटी भरून आणली. सुंदर तेथेच खाली बसून प्याली. प्यायल्यावर तिने वाटी स्वतः धुऊन पालथी घातली. जरा आवाज झाला.

मुलीचे नाव आपण ठेवावे. आम्ही ठेवणार नाही, ती आपली आहे.

दूध कालपासून सुरू झाले आहे. अर्ज टाकावा.

आपला,
लोटन